टिक वाजली की द्यायचंच

माझ्या पोरीचा हात कुत्र्याच्या तोंडात होता. मनगटापर्यंत. मी दारात उभी होती, हातात लसूण ठेचायचा बत्ता, आणि माझ्या तोंडातून आवाज निघत नव्हता. ओरडायला तोंड उघडलं तर नुसती हवा. पोरगी अडीच वर्षांची, अंगणात फतकल मारून बसलेली, कुत्रं तिच्यापेक्षा उंच, मान खाली घातलेली. तिच्या दुसऱ्या हातात मास्तरांचा पंच होता, तिकिटाला भोक पाडायचा. तिनं माझ्याकडे बघितलं, हसली, आणि परत वाजवला. टिक.

पुढचं सांगते. पण आधी मास्तर सांगायला पाहिजेत, नाहीतर तुम्ही मलाच वेडी म्हणाल. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई आहे, मागचं पुढे आणि पुढचं मागे होईल, सांभाळून घ्या.

मास्तर म्हणजे शाळेचे नाही, एसटीचे. आमच्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात. ते आमचे घरमालक. नंदुरबारच्या टोकाला, जिथून मिरची वाळत घालायच्या पथाऱ्या सुरू होतात, तिथे त्यांचं घर. पुढच्या दोन खोल्यांत ते एकटे, मागच्या खोलीत आम्ही तिघं. अंगण एक, नळ एक, लोखंडी फाटक एक. बायको वारलेली, मुलगी सुरतला दिलेली. नोकरी सुटून किती वर्षं झाली होती कोण जाणे, पण त्यांची ड्युटी सुटली नव्हती.

आमच्या दारावर एक ठोका पडला की समजायचं, मास्तर थांबलेत, काही काम आहे. दोन ठोके पडले की ते बाहेर निघाले. बसच्या बेलसारखं, एकाला थांबा, दोनाला चला. घराला कुलूप लावायच्या आधी रिकाम्या खोलीकडे वळून विचारायचे, कोणी राहिलं का? राहायला आल्याच्या पहिल्याच दिवशी मी ते ऐकलं. आत कोण आहे? त्यांची मेलेली बायको? मी पोरीला कडेवर घेऊन दुपारभर त्यांच्या खिडकीकडे बघत बसली. नवरा संध्याकाळी टेम्पो लावून आला आणि पोट धरून हसला, म्हणाला, बसमध्ये तिकिटाचं कोणी राहिलं का विचारतात ना, तीच सवय.

एकदा आम्ही सगळे एका लग्नाला शहाद्याला गेलो. बस अर्धी रिकामी, पण मास्तर बसले नाहीत. दाराजवळचा दांडा धरून उभे. त्या बसला कंडक्टर म्हणून एक तरुण मुलगी होती, ती तीनदा म्हटली, बाबा बसा ना. मास्तर तिला म्हणाले, "तू बस बेटा, मी शे उभा." ती खरंच बसली. शहादा येईपर्यंत मास्तर प्रत्येक थांब्यावर खाली उतरून म्हाताऱ्यांना हात देत होते.

माझ्या पोरीला ते नावानं हाक मारायचे नाहीत. तिला म्हणायचे बिगरतिकीट, कारण पाच वर्षांच्या आतल्या पोरांना तिकीट नसतं. ए बिगरतिकीट, आत चल, दारात उभी ऱ्हाऊ नको.

आणि कुत्र्याला म्हणायचे प्रवासी.

ते कुत्रं दिवाळीनंतर आलं. पथारीवर मिरची पडायला लागली तेव्हा. लाल मातीच्या रंगाचं, एक कान फाटलेला, मागचा एक पाय उचलून चालायचं. मोठं होतं. फाटकाच्या आत येऊन नळाखालचं पाणी प्यायलं आणि पिंपाच्या आडोशाला बसलं ते बसलं. मी दार लावून घेतलं. तीन दिवस मी नळावर गेली नाही, नवऱ्याला पाणी भरायला लावलं.

मला कुत्र्याचं भ्याव का, ते सांगते. मी आठ वर्षांची होती. माझ्या मामाच्या पोराला पिल्लानं नुसतं ओरखडलं होतं. मामानं दवाखान्यात नेलं नाही, झाडपाला बांधला, आणि सगळे विसरले. मग एक दिवस पाण्याचा तांब्या बघून तो कसा करायला लागला ते मी खिडकीतून बघितलं. त्याच्या पुढचं मला सांगता येत नाही. अजूनही पोरगी पाणी पिताना ठसकली तरी मी आधी तिच्या हातापायाला काही लागलंय का ते बघते.

नवऱ्याला सांगितलं, त्याले कोठे तरी सोडी ये, तापीना पल्याड. तो म्हणाला, "कुत्रं शे ते, वाघ नही. रोज भ्याई भ्याईसन तूच चावशी एक दिन कोनले तरी."

मास्तरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या पेट्या बनवणाऱ्या चाचांची हातगाडी मागितली. कुत्र्याला गोणपाटात गुंडाळून जनावरांच्या दवाखान्यात नेलं, सुई देऊन आणलं. सुई दिल्याचा कागद माझ्या हातात दिला. मी तीन वेळा वाचला. तरी माझं भ्याव गेलं नाही. सुई दिली म्हणून दात थोडेच पडतात.

चाचा पत्रा ठोकता ठोकता विचारायचे, "मास्तर, इसको हाफ लगेगा के फुल?" मास्तर न हसता उत्तर द्यायचे, "पाय लंगडा शे त्याना. सवलत शे त्याले."

मग ती टिकटिक सुरू झाली.

मास्तरांनी मोबाईलवर कोणाचा तरी व्हिडिओ बघितला. एक माणूस हातात छोटी डबी धरतो, ती दाबली की टिक वाजतं, आणि कुत्रं शिकतं. शहरात ती डबी विकत मिळते म्हणे. मास्तरांनी दोनदा व्हिडिओ बघितला, आत गेले, ट्रंक उघडली आणि आपला जुना पंच काढला. मशीन यायच्या आधी कागदाची तिकिटं असायची ना, त्याला भोक पाडायचा तो. माझ्यासमोर वाजवून दाखवला. टिक. म्हणाले, "त्या लोकस्नी डबी इकत लेवानी. मन्हाजोडे तर पहिलेपाईन शे." त्यांच्याकडे आधीपासूनच होती ना.

खांद्याला ती चामड्याची कंडक्टरची पिशवी. तिच्यात आता भाकरीचे वाळवलेले तुकडे आणि टोस्टचा चुरा, एकेक तुकडा हरभऱ्याएवढा. सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं. त्याला ते फेरी म्हणायचे. सकाळची फेरी, संध्याकाळची फेरी. कुत्र्याला अजून पाहिजे असलं तरी फेरी संपली म्हणजे संपली.

पहिल्यांदा वाजवलं तेव्हा कुत्रं दचकून पिंपामागे पळालं. मास्तरांनी पंच रुमालात गुंडाळला, आवाज बारीक केला, आणि परत. टिक, तुकडा. टिक, तुकडा. तीन दिवस नुसतं एवढंच. बस म्हटलं नाही, ये म्हटलं नाही, काहीच शिकवलं नाही. मी खिडकीच्या फटीतून बघायची. मला वाटलं म्हातारा वेडा झाला. चौथ्या दिवशी नुसतं टिक वाजलं आणि कुत्र्यानं कान उभे करून पिशवीकडे बघितलं. मास्तरांचा चेहरा असा झाला जसा घाटात बंद पडलेली गाडी सुरू झाल्यावर होत असेल.

त्या दिवसापासून कुत्रं आपोआप खाली बसलं की टिक, आणि तुकडा. मास्तर माणसांशी अहिराणी बोलायचे, पण कुत्र्याशी शुद्ध मराठी, ऑफिसची. प्रवासी, आपण बसून घ्या. धन्यवाद. टिक. चाचांचं पत्रा ठोकणं थांबायचं, ते ऐकायला.

मी समजली की टिक म्हणजे हुकूम आहे. बसमध्ये नाही का, कंडक्टर पंच वाजवत येतो, पुढे सरका, पुढे सरका. मी तेच समजली. एकदा कुत्रं माझ्या दारात आडवं पडलेलं, पोरगी आत, मला बाहेर जायचं. ओट्यावर पंच पडलेला. मी लांबूनच हात घालून तो उचलला आणि वाजवत सुटली. टिक टिक टिक टिक, जा, हट. ते जायचं सोडून उठून माझ्याकडे यायला लागलं. मी जेवढं वाजवलं तेवढं ते जवळ आलं. मी मोरीत शिरून आतून कडी लावली आणि रडली.

मास्तर रागावले नाहीत. त्यांना राग यायचाच नाही, ते जास्त हळू बोलायला लागायचे. म्हणाले, "पोरी, टिक म्हणजे हुकूम नही. टिक म्हणजे तिकीट. त्यानं चांगलं करं, तू टिक वाजाडी, आथा त्याले बसाले जागा देवानीच. टिक वाजनी का देवानंच. खोटी टिक वाजाडानी नही."

आणि मग ते म्हणाले की मलाही शिकायला पाहिजे. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू होता, सुरतला मुलीकडे जाऊन ऑपरेशन करायचं होतं, पंधरा दिवस तरी जाणार. कुत्र्याला कोण बघेल? मी म्हटलं चाचा बघतील. चाचा म्हणाले, मैं तो पेटी में बंद कर दूँगा. मास्तर माझ्याकडे वळले. "तू भ्यास म्हणीसन तो बी भ्यास," एवढंच म्हणाले.

आता माझं काम सांगते, ते इथं लागतं. मिरचीच्या दिवसांत मी पथारीवर देठ खुडायला जाते. जमिनीवर लाल मिरची पसरलेली, नजर जाईल तिथपर्यंत, आणि आम्ही बाया तिच्यात बसून एकेक देठ मोडतो. पोरगी चाचांच्या सुनेजवळ असते. घरी आल्यावर साबणानं हात धुतले तरी आग जात नाही. नखात जाते, चिरांत जाते. झोपेत चुकून डोळ्याला हात लागला तर उठून बसावं लागतं. त्या चार महिन्यांत मी माझ्या पोरीला हातानं भरवत नाही, चमच्यानं भरवते. तिच्या तोंडाला बोट लावत नाही. ती माझं बोट धरून तोंडाकडे नेते आणि मी ओढून घेते. ह्या गोष्टीची आम्हाला एवढी सवय की कोणी बोलतसुद्धा नाही. सगळ्या भागालाच मिरचीचा वास, तो कोणाच्या नाकाला वेगळा कळणार?

तर मी शिकायला बसली. पथारीवरून आल्यावर, संध्याकाळच्या फेरीला. मास्तर बाजूला उभे. म्हणाले उघडा हात पुढे कर, त्यानं नाक लावलं की त्याच क्षणी टिक, आणि तुकडा त्याच हातानं. मी हात पुढे केला. कुत्रं आलं. त्याचा श्वास मला बोटांवर लागला, गरम. नाक टेकलं. मी डोळे मिटले आणि टिक वाजवलं, उशिरा. तुकडा दिला. त्यानं घेतला, आणि थुंकला. शिंकलं. मातीत तोंड घासलं. आणि माझ्याकडे बघून गुरगुरलं.

मास्तर म्हणाले माझी टिक उशिरा पडते. "बस निंघी गयी, आन आथा तू तिकीट फाडस?"

चार दिवस आम्ही तेच केलं. चौथ्या दिवशी मी नुसतं टिक वाजवलं आणि कुत्र्यानं मान खाली घातली, दात दाखवले, मागे सरकलं. मास्तरांच्या टिकला शेपूट हलवायचं, माझ्या टिकला दात. पंच तोच, तुकडे त्याच पिशवीतले. मास्तरांनाही कळेना. ते डोकं खाजवत बसले. मला मात्र कळलं. मला कळलं की ह्या कुत्र्यानं मला ओळखून ठेवलंय. भिणाऱ्याचा वास येतो म्हणतात ना. आज मला दात दाखवतंय, उद्या माझ्या पोरीला.

मास्तर जायच्या दिवशी त्यांनी पिशवी माझ्या दाराच्या खिळ्याला अडकवली, पंच त्याच्यावर. म्हणाले चार्ज दिला. दारावर दोन ठोके दिले. रेल्वे स्टेशनला जाणाऱ्या रिक्षात बसताना मागे वळून विचारलं, कोणी राहिलं का? कुत्रं फाटकात बसलेलं होतं. मी म्हटलं कोणी नाही.

आणि त्याच संध्याकाळी नवऱ्याशी भांडून मी ठरवून घेतलं की येत्या रविवारी टेम्पोत घालून कुत्र्याला लांब सोडायचं. मास्तर आले की सांगू, पळून गेलं. नवरा तोंड फिरवून हो म्हणाला.

रविवार यायच्या आधीच झालं. शुक्रवारी मी पथारीवरून आली, पोरीला चाचांकडून घेतली, अंगणात सोडली. फाटकाची कडी लावायची राहिली. कुत्रं दिसत नव्हतं म्हणून मी आत लसूण ठेचायला बसली. पोरीनं उलटी बादली दाराशी नेऊन, तिच्यावर चढून खिळ्यावरचा पंच आणि पिशवी काढलेली मला कळलंच नाही. आधी टिक ऐकलं. मला वाटलं मास्तर. मग आठवलं मास्तर नाहीत. परत टिक. मग काहीच नाही. ते काहीच नाही ऐकून मी धावली.

आणि बघितलं. सुरुवातीला सांगितलं ते. हात तोंडात, मनगटापर्यंत, आणि माझी पोरगी हसते आहे.

मी बत्ता फेकला.

नेम लावला नव्हता. पोरीला लागला असता तर, हे मला नंतर सुचलं, आता रोज सुचतं. कुत्र्याच्या पुढच्या खांद्यावर बसला. हाडावर बसल्याचा आवाज आला. ते असं रडलं की चाचांचं ठोकणं थांबलं. पोरीचा हात सोडला, तीन पायांवर, मग दोनावर, कसंतरी उघड्या फाटकातून गेलं. जाताना त्यानं दात दाखवले नाहीत. नुसतं बघितलं.

मी पोरीला उचललं, नळाखाली धरलं, साबण लावला, तिचा हात घासला, एकेक बोट, बोटांच्या मधून, मनगट, कोपर. ती तोपर्यंत रडली नव्हती. आता किंचाळायला लागली. आग, आई, आग. हात लालभडक झाला. मला मामाचा पोरगा दिसायला लागला. मी तशीच ओल्या पोरीला घेऊन चाचांनी थांबवलेल्या रिक्षात बसली आणि सरकारी दवाखान्यात गेली. वाटभर देवाला म्हणत होती, मला चावू दे, मला.

डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली हात धरला. उलटा केला, सुलटा केला. कुत्र्याला सुई दिलीये का विचारलं, मी कागद दाखवला, तो मी पदराला बांधूनच ठेवलेला होता. मग त्यांनी पोरीची मूठ सोडवली तर आत ओल्या टोस्टचा लगदा. त्यांनी माझा हात धरला, नाकाजवळ नेला आणि विचारलं, "तुम्ही मिरचीच्या कामावर जाता का?"

मी हो म्हटलं.

"दात कुठेच लागलेला नाही. ओरखडासुद्धा नाही. ही आग तुमच्या हातांची आहे. घरी जाऊन आधी तेल लावा, मग धुवा."

मी उठली नाही. परत बघा म्हटलं. त्यांनी परत बघितलं. तरी मी उठली नाही.

परत येताना पोरगी माझ्या मांडीवर हुंदके देत होती आणि मी माझे दोन्ही हात तिच्यापासून लांब, रिक्षाच्या बाहेर धरून बसली होती. तेव्हा एकेक करून सगळं माझ्या डोक्यात यायला लागलं. मी टिक वाजवायची आणि मिरचीच्या बोटांनी तुकडा द्यायची. चार दिवस. त्याच्या तोंडात आग. तो थुंकला, शिंकला, मातीत तोंड घासलं. मग माझी टिक ऐकली की तो मागे सरकायचा. मी शिकवलं तेच तो शिकला होता. माझी टिक म्हणजे जाळ. आणि पोरगी, जिला मी चार महिने चमच्यानं भरवते, ती त्याला हातानं भरवत होती. टिक वाजवून, मूठ त्याच्या तोंडात घालून. तोही दात न मिटता उभा राहिला, कारण आत तिची बोटं होती.

मी हे कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला म्हटलं, गेलं बाबा आपोआप, रविवारचा हेलपाटा वाचला.

मास्तर काळा चष्मा घालून आले. रिक्षातून उतरून आधी पिंपाकडे बघितलं. मी म्हटलं, फाटक उघडं राहिलं, गेलं. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. ते म्हणाले, उतरना व्हई आपला थांबावर, म्हणजे उतरला असेल आपल्या थांब्यावर. आणि आत गेले.

त्यानंतर रोज संध्याकाळी फेरीच्या वेळेला मास्तर फाटकाशी उभे राहायचे. खांद्याला पिशवी, हातात पंच, अंगठा पंचावर. पण वाजवायचे नाहीत. चाचा एकदा म्हणाले, बजाओ ना मास्तर, आवाज सुनके आएगा. मास्तर म्हणाले नाही. कोणी काही केलंच नाही तर टिक कशाची? मी खिडकीतून तो अंगठा बघायची. मला वाटायचं एकदा वाजवून टाका, मला सहन होत नाही.

दहाबारा दिवसांनी, दुपारी, मास्तर डोळ्यात औषध घालून आत पडलेले. मी ओट्यावर पोरीला दूध-भाकर भरवत होती. पोरगी म्हटली, आई, पवाशी.

फाटकाच्या गजांच्या पलीकडे ते उभं होतं. खांद्यावरचे केस गेलेले, जखम वाळून काळी पडलेली. मागचा पाय आधीच लंगडा, आता पुढचाही टेकत नव्हता. कडी लावलेली होती. मी पोरीला मागे ढकललं आणि इकडेतिकडे बघायला लागली, काही हाताशी आहे का. होतं. माझ्या हाताशी वाटी होती, आणि खिळ्यावर पंच. मास्तर झोपताना तो माझ्याच खिळ्याला लावायचे अजून.

कुत्र्यानं माझ्याकडे बघितलं. मग हळूच, दुखतंय हे कळत होतं, ते खाली बसलं. कोणी म्हटलं नव्हतं बस म्हणून.

पोरगी माझा पदर ओढून म्हणाली, "आई, टिक दे."

मी पंच काढला. मी वाजवला. टिक. कुत्रं थरथरलं. त्याला वाटलं असेल आता जाळ. मी चमचाभर दूध-भाकर गजांमधून पुढे केली, हात जेवढा लांब जाईल तेवढा लांब. त्यानं वास घेतला. मग चाटलं. चमचा स्वच्छ केला. मी तिथंच खाली बसली.

आतून मास्तरांचा आवाज आला. "कोन उना?"

आता सांगायची वेळ होती. सगळं सांगता आलं असतं. माझ्या तोंडातून निघालं, "कोनी नही, मास्तर. पोर खेळी ऱ्हायनी."

ते म्हणाले, "टिक वाजनी ना? मंग काहीतरी चांगलं व्हयनं व्हई. देई टाक."

मी अजून एक चमचा दिला.

मग काठीचा आवाज आला आणि मास्तर भिंत धरत बाहेर आले. काळ्या चष्म्यातून आधी कुत्र्याकडे बघितलं, त्याच्या खांद्याकडे. मग माझ्या हाताकडे. नेहमी हातानं द्यायचं असं त्यांनीच शिकवलं होतं. माझ्या हातातला चमचा ते किती वेळ बघत होते. म्हणाले, "चमचा चांगला सुचना तुले." खांद्याचं काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही. रागावले असते तर मी रडून मोकळी झाली असती.

कडीला मात्र त्यांनी हात लावला नाही. म्हणाले घरात लहान पोर आहे, पोरीची आई जेव्हा उघडेल तेव्हा उघडेल. दुसऱ्या दिवसापासून ते दोन्ही वेळा बाहेर जाऊन, रस्त्याच्या कडेला उभं राहून फेरी करायचे. लोक हसायचे. प्रवासी, आपण बसून घ्या. धन्यवाद.

आता मास्तर सुरतला मुलीकडेच असतात, दुसऱ्या डोळ्यानंही नीट दिसत नाही. जाताना दोन ठोके दिले आणि ह्या वेळी कोणी राहिलं का विचारलं नाही. पंच माझ्याकडे आहे. घर आम्हीच सांभाळतो. पोरगी आता अंगणवाडीत जाते, आणि कुत्रं रोज तिच्या मागे दहा पावलं ठेवून जातं, ती बाहेर येईपर्यंत दाराशी बसतं, आणि परत मागे मागे येतं. मी त्याच्याही मागे असते, जीव मुठीत धरून. घरी आल्यावर फाटकातून टिक आणि चमचा. एकही दिवस चुकवला नाही. पण ते बाहेर आणि आम्ही आत.

मास्तरांचा फोन येतो. तब्येत विचारत नाहीत, पाऊसपाणी विचारत नाहीत. एकच विचारतात, "प्रवासी आतमा शे का भाईर?" मी म्हणते बाहेर. ते म्हणतात बरं, आणि ठेवून देतात.

काल पोरगी विचारत होती, आई, तो आत का येत नाही? मी तिला म्हटलं त्याला बाहेर आवडतं. ती म्हणाली, नाही, तो बसलाय ना, मग त्याला जागा द्यायची असते.

मी कडीवर हात ठेवला होता. खरंच ठेवला होता. आणि मला तोच दिवस दिसला, मनगटापर्यंत हात, आणि माझ्या तोंडात नुसती हवा. मला माहीत आहे तो चावला नाही. मला माहीत आहे चूक माझ्या हातांची होती. सगळं माहीत असून माझा हात कडीवरून खाली आला.

तुम्ही आया असाल, तुम्हाला विचारते. हातात बत्ता, समोर कुत्रं, त्याच्या तोंडात तुमच्या पोरीचा हात. तुम्ही काय केलं असतं? आणि आज, सगळं कळल्यावर, ही कडी तुम्ही उघडली असती का?